वटहुकूम: संसद बंद असताना सरकारने कायदा करावा का?

घाटमाथा

वटहुकूम हा प्रकार घटनेतून काढून टाकावा, निदान एका विषयावर वटहुकूम एकदाच निघेल असं कलमातच लिहून ठेवावं असं माझं मत आहे. का ते जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

शाळेत आपण सगळे वाटणी शिकलो, कायदेमंडळ कायदे करणार, सरकार ते राबवणार, कोर्ट न्याय देणार. मग कलम १२३ उघडून बघा. संसदेच्या दोन सभागृहांपैकी एक जरी चालू नसेल आणि तातडी असेल तर राष्ट्रपती, म्हणजे खरं तर मंत्रिमंडळच, वटहुकूम काढू शकतं आणि त्याची ताकद संसदेने केलेल्या कायद्याइतकीच. राज्यात तेच कलम २१३ खाली राज्यपालांच्या सहीने. संसद परत भरली की सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर वटहुकूम आपोआप संपतो, आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांच्या वर अंतर पडता कामा नये, म्हणजे जास्तीत जास्त साडेसात महिने. वाचायला ठीक वाटतं ना? आता पुढचं ऐका.

बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात राज्यपालांनी २५६ वटहुकूम काढले आणि ते एक वर्षापासून ते चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. कसे? विधानसभा भरायची, वटहुकूम मंजुरीला यायचाच नाही, अधिवेशन संपायचं आणि मुदत उलटायच्या आत तोच मजकूर नव्या नंबरने परत. उसाच्या खरेदीचा एक वटहुकूम तेरा वर्षांच्या वर असाच चालला. तेरा वर्षं! एवढ्यात किती निवडणुका होतात, किती आमदार येतात-जातात, आणि एकालाही त्या कायद्यावर हात वर करायची वेळ आली नाही.

हे शोधून काढलं ते आपल्या पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूटच्या प्रा. डी. सी. वाधवा यांनी. गॅझेट चाळून चाळून एकेका वटहुकमाचा जन्म आणि पुनर्जन्म लिहून काढला आणि त्यावर १९८३ साली पुस्तक काढलं. नंतर सुप्रीम कोर्टात गेले. त्यांच्यासोबत बिहारचा एक शेतकरी, एक विद्यार्थी आणि एक वीटभट्टीवाला असे अर्जदार होते, कारण जंगलमाल, इंटरमीजिएट शिक्षण आणि विटा या तिन्हींवर तिथे वटहुकमाचं राज्य होतं. डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की पुन्हा पुन्हा वटहुकूम काढणं ही घटनेची फसवणूक आहे, आणि वाधवांच्या संशोधनाची कदर म्हणून दहा हजार रुपये द्यायला सांगितले. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. मंत्री नाही, आमदार नाही, पुण्यात बसून बिहारची गॅझेटं वाचणारा एक प्राध्यापक, आणि तिघांतली वाटणी मोडतेय हे सिद्ध करून दाखवलं त्याने.

निकाल लागला तरी सवय गेली नाही, म्हणून मी म्हणतो हे दारच बंद करा.

वकीलबाई_सोलापूर

वाधवांबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं, तरी दार बंद करा याला माझा ठाम विरोध. मी फौजदारी केसेस चालवते, तिथलं उदाहरण देते.

डिसेंबर २०१२ ला दिल्लीची ती सामूहिक बलात्काराची भयंकर घटना झाली. त्यानंतर फौजदारी कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या वर्मा समितीचा अहवाल २३ जानेवारी २०१३ ला आला आणि ३ फेब्रुवारीला वटहुकूम निघाला. त्याआधी आपल्या दंडसंहितेत मुलीचा सतत पाठलाग करणं हा वेगळा गुन्हाच नव्हता. चोरून चित्रण, अ‍ॅसिड हल्ला, यांना स्वतंत्र कलमं नव्हती. तुम्ही म्हणाल अधिवेशन २१ फेब्रुवारीला होतंच, अठरा दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं. पण अधिवेशन सुरू झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी कायदा झाला असं होत नाही, तो प्रत्यक्षात एप्रिलच्या सुरुवातीला झाला. म्हणजे दोन महिने. फौजदारी कायदा मागच्या तारखेने लावता येत नाही, घटनेचं कलम २० आडवं येतं. त्या दोन महिन्यांत ज्या मुलीवर अ‍ॅसिड फेकलं गेलं तिच्या केसमध्ये नवं कलम लागणार की जुनं हे फक्त त्या वटहुकमामुळे ठरलं. कोर्टात उभं राहिल्यावर या दोन महिन्यांची किंमत कळते.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं ते बिल वर्षानुवर्षं विधिमंडळात रखडत होतं. खुनाच्या दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकूम काढायचं ठरवलं, त्याच महिन्यात तो लागू झाला, आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात रीतसर कायदा झाला. घाटमाथा, तुमचा नियम असता तर ते चार महिने भोंदूबाबांना मोकळं रान होतं.

लासलगावकर

वकीलताई तुमचं दुःख समजतंय पण आमचं पण ऐका. मी कांदावाला शेतकरी, आणि मी त्या २०२० च्या शेती कायद्यांच्या बाजूचा माणूस होतो हे आधीच सांगतो, मार्केट खुलं व्हावं हे आम्ही इकडे चाळीस वर्षं ऐकत आणि म्हणत आलोय.

५ जून २०२० ला तीन वटहुकूम आले. लॉकडाऊन, संसद २३ मार्चपासून बंद. त्यातला एक जीवनावश्यक वस्तूंचा, कांदा-बटाटा-डाळी यांच्यावर उगाच साठ्याची मर्यादा घालणार नाही, कांदा-बटाट्याचे भाव दुप्पट किंवा डाळींचे दीडपट झाले तरच घालू, असं त्यात होतं. आम्ही पेढे वाटले म्हणा ना. पण गावात मी विचारत होतो की यावर पंजाबच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं का, बाजार समितीच्या लोकांना विचारलं का, संसदेच्या समितीसमोर कोण गेलं? कुणीच नाही, कारण वटहुकमाला कोण विचारतंय. १४ सप्टेंबरला संसद भरली आणि त्याच दिवशी कांद्याची निर्यात बंद केली. त्याच दिवशी! मग आठवड्याभरात बिलं पास, राज्यसभेत तर दोन बिलं आवाजी मतदानाने, गोंधळात. ऑक्टोबरमध्ये कांद्यावर परत साठ्याची मर्यादा, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २ टन. पुढचं तुम्हाला माहितीये, दिल्लीच्या सीमेवर वर्षभर लोक बसले, जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत एका दिवसात, चर्चेशिवाय, सगळं रद्द.

म्हणजे आले चर्चेशिवाय आणि गेले पण चर्चेशिवाय. मला जे हवं होतं ते वटहुकमाने दिलं आणि वटहुकमानेच घालवलं असं माझं मत आहे. जून ते सप्टेंबर समितीत बसून सगळ्यांचं ऐकलं असतं तर कदाचित अर्धाच कायदा मिळाला असता पण तो टिकला असता. आता पुढची वीस वर्षं कुठलंही सरकार या विषयाला हात लावायचं नाही.

जुना_मास्तर

सगळ्यांचं वाचलं. मी राज्यशास्त्र शिकवलंय, आता रिटायर. घाटमाथा, तुमची सुरुवातच मला पटली नाही. आपली वाटणी अमेरिकेसारखी नाहीच. आपल्याकडे मंत्रिमंडळ संसदेतूनच येतं, लोकसभेचा विश्वास असेपर्यंतच टिकतं. ज्याच्यामागे बहुमत आहे त्याने जूनमध्ये केलेली गोष्ट सप्टेंबरमध्ये तेच बहुमत मंजूर करणार, मग कोणाचा अधिकार कोणी पळवला? फरक फक्त वेळेचा आहे, आणि वेळ कधीकधी फार महत्त्वाची असते.

१९ जुलै १९६९, शनिवार. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम. सोमवारी २१ तारखेला संसदेचं अधिवेशन होतं. वरवर बघितलं तर दोन दिवस थांबता आलं असतं. पण हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला दुसऱ्या दिवशी राजीनामा देणार होते, आणि शनिवारी बिल जाहीर करून सोमवारपर्यंत थांबलं असतं तर बँकांमध्ये काय झालं असतं कोण सांगणार. आर्थिक निर्णयांत गुप्तता लागते. त्या बँकांच्या शाखा पुढे आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत आल्या, माझा पहिला पगार त्यातल्याच एका बँकेत जमा झाला, त्यामुळे मला तो वटहुकूम चुकीचा होता असं म्हणवत नाही.

शिवाय कोर्ट आहे ना. आर. सी. कूपर यांच्या केसमध्ये फेब्रुवारी १९७० ला तो कायदाच रद्द झाला आणि सरकारला नव्याने, मोबदला नीट ठरवून, यावं लागलं. तिघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं ते असंच.

घाटमाथा

सर, आदर आहेच, पण "बहुमत तेच, फरक वेळेचा" या वाक्याला मी अडतो, कारण ते २०१५ ला खोटं ठरलं.

भूसंपादन घ्या. २०१३ च्या कायद्यात खाजगी प्रकल्पाला ८० टक्के जमीनमालकांची संमती लागायची, सरकार-खाजगी भागीदारीला ७० टक्के. ३१ डिसेंबर २०१४ ला वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट दिली. लोकसभेत मार्चमध्ये पास झालं. राज्यसभेत बहुमत नव्हतं. मग काय केलं? अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत फक्त राज्यसभेचं अधिवेशन संपवलं, म्हणजे "एक सभागृह चालू नाही" ही अट पुरी झाली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तोच वटहुकूम परत, ३० मे ला तिसऱ्यांदा. ३१ ऑगस्टला शेवटी सोडून दिला. तुमचं बहुमत लोकसभेतलं, पण संसद म्हणजे दोन सभागृहं, आणि जे दुसऱ्या सभागृहात मिळत नव्हतं ते आठ महिने वटहुकमाने मिळवलं. यात पक्षाचा प्रश्न नाही, बिहारमध्ये कोणाची सरकारं होती ते पण आठवा, १९६९ ला कोण होतं ते तुम्हाला माहितीच आहे.

आणि कोर्ट आहे म्हणता, तर १९७५ ला आणीबाणीत ३८ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रपतींचं समाधान झालं म्हणजे झालं, कोर्टात विचारायचंच नाही, असं लिहून टाकलं होतं. ४४ व्या दुरुस्तीने १९७८ ला ते काढलं म्हणून आज आपण बोलतोय.

अजून एक राहिलं. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, आपलेच मराठी माणूस, अहमदाबादला वकिली केलेले, त्यांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहून कळवलं होतं की वटहुकूम काढणं लोकशाहीला धरून नाही, अगदीच टोकाची निकड असेल तेव्हाच काढा. नेहरूंचं म्हणणं होतं की संसदेच्या कामाला वेळ लागतो, महत्त्वाची बिलं अडून राहतात. म्हणजे ही चर्चा आपल्याआधी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी दोन एकाच पक्षातल्या माणसांत झालीये, आणि अध्यक्ष आपल्याच पंतप्रधानाला नको म्हणत होता. असे अध्यक्ष हवेत.

एडिसनवासी

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे राष्ट्राध्यक्षाला वटहुकमाचा अधिकार नाही, काँग्रेस, म्हणजे इथली संसद, भरलेली असो नसो. म्हणून इथे सगळं छान आहे का, तर नाही, कार्यकारी आदेश काढून कायदा ताणत ताणत नेतात आणि मग ठरवायला कोर्ट. १९५२ ला कोरियाचं युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप होणार म्हणून ट्रुमनने पोलाद कारखानेच सरकारी ताब्यात घेतले, कुठलाही कायदा हाताशी नसताना. सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांत ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की कायदा करणं हे काँग्रेसचं काम, कारखाने परत द्या. मला एवढंच म्हणायचंय की दार बंद केलं तर सरकार खिडकी शोधतं, आणि खिडकीतून आलेल्याला सहा आठवड्यांची मुदत पण नसते. तुमच्या वटहुकमाला निदान मरणाची तारीख आहे.

तिसरा_मजला

एडिसनवासींचा पॉइंट चांगला आहे पण एक लक्षात घ्या, हे दार मुळात व्हाइसरॉयसाठी बांधलेलं होतं. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टमध्ये व्हाइसरॉयला सहा महिन्यांचा वटहुकूम काढायचा अधिकार दिला, १९३५ च्या कायद्यात तो राहिला आणि तिथून आपल्या घटनेत आला. स्वातंत्र्याच्या चळवळीत आपलीच माणसं याच वटहुकमांनी तुरुंगात गेली. घटना समितीत हृदयनाथ कुंझरू आणि के. टी. शहा यांनी याला लगाम घाला म्हणून आग्रह धरला होता. डॉ. आंबेडकरांचं उत्तर असं होतं की संसद भरलेली नसताना अचानक असा प्रसंग आला की चालू कायदा अपुरा पडतो तर सरकारने काय करायचं. प्रश्न रास्त होता. पण तेव्हा संसद बोलवायची म्हणजे रेल्वेने दोन-तीन दिवस प्रवास. आज लासलगावचा खासदार दुपारी निघाला तर रात्री दिल्लीत असतो.

वकीलबाई_सोलापूर

एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही, वटहुकूम मेल्यावर त्याखाली जगलेल्या माणसांचं काय होतं?

परत बिहारच. १९८९ ला वटहुकूम काढून ४२९ खाजगी संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेतल्या. शिक्षकांना वाटलं आता आपण सरकारी नोकर. मग एकामागून एक वटहुकूम निघत राहिले, कायदा कधी झालाच नाही, आणि १९९२ ला शेवटचा संपला. शिक्षक पगारासाठी कोर्टात. निकाल लागायला २०१७ उजाडलं, पंचवीस वर्षं. कृष्णकुमार सिंग केस. सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की वटहुकूम सभागृहाच्या पटलावर ठेवणं बंधनकारक आहे, पुन्हा पुन्हा काढणं ही फसवणूक आहे, आणि संपलेल्या वटहुकमातून कायमचे हक्क आपोआप मिळत नाहीत. जे पगार देऊन झाले ते परत घेऊ नका एवढा दिलासा.

त्या शिक्षकांची यात काय चूक होती? सरकारी छाप बघूनच त्यांनी विश्वास ठेवला. हे वाचल्यापासून मी घाटमाथांच्या अर्ध्या मागणीला आले आहे, पुन्हा काढायला बंदी हवी, आणि ती निकालात आहे तेवढी पुरे नाही, कलमातच हवी. कारण निकाल मोडला तर परत एखादा वाधवा जन्मावा लागतो, परत पाच-दहा वर्षं. पण पहिला वटहुकूम काढायचा अधिकार राहू दे.

जुना_मास्तर

याला माझीही हरकत नाही. पुन्हा काढण्याचं समर्थन मी केलेलं नाही.

लासलगावकर

मला अजून एक हवंय. वटहुकूम निघाला की ठरावीक दिवसांत अधिवेशन बोलवायचं, सहा महिने वाट नाही बघायची. आणि तो वटहुकूम समितीकडे जायलाच पाहिजे, तिथे आमच्यासारख्याला जाऊन बोलता आलं पाहिजे.

घाटमाथा

ठीक, मी पण एक पाऊल मागे येतो. "काढून टाका" सोडतो. अ‍ॅसिडच्या केसचं जे लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही, प्रामाणिकपणे सांगतो. मग असं करा, एकदाच निघेल, आणि निघाल्यापासून तीस दिवसांत सभागृह भरवून मतदान. नाही भरवलं तर एकतिसाव्या दिवशी खलास.

वकीलबाई_सोलापूर

तीस दिवस? मग जादूटोण्याच्या वटहुकमाचं काय झालं असतं ते सांगा. ऑगस्टअखेर लागू झाला, कायदा डिसेंबरमध्ये.

घाटमाथा

सप्टेंबरमध्ये खास अधिवेशन बोलवायचं, नागपूरची वाट बघायची नाही, मुंबईत बोलवायचं. पुण्यात भर सकाळी असा माणूस मारला जातो त्यावर एक दिवस तरी आमदारांनी बसायलाच हवं होतं.

वकीलबाई_सोलापूर

आणि सप्टेंबरमध्ये मतं पडली नसती तर? एवढी वर्षं रखडलेलं बिल होतं, विरोध करणारे तेच आमदार होते.

घाटमाथा

तर वटहुकूम संपला असता, आणि मला फार वाईट वाटलं असतं. पण कोणी हात वर केला आणि कोणी नाही याची नावं तरी विधिमंडळाच्या कामकाजात राहिली असती, आणि पुढच्याच वर्षी निवडणूक होती, ती नावं घेऊन आम्ही गावोगाव फिरलो असतो.